बिनतारी देणें-घेणें

घरांतील विजेच्या तारेविषयीं कोणी चांगलें बोलल्याचें आम्हांस आठवत नाहीं. ती पायांत अडकते, भिंतीवर वाईट दिसते, उंदीर तिला कुरतडतात, आणि हवी असेल तेव्हां नेमकी वीतभर आंखूड पडते. म्हणून तारेवांचून वीज मिळावी ही मनुष्याची हौस फार जुनी आहे. निकोला टेस्ला यानें अमेरिकेंत लाँग आयलंडवर १९०१ सालीं याच हौसेपायीं एक प्रचंड मनोरा उभारण्यास आरंभ केला; पैसा आटला, काम थांबलें, आणि १९१७ सालीं तो मनोरा पाडूनहि टाकण्यांत आला. आज तीच हौस निराळ्या आणि पुष्कळच लहान रूपानें घराघरांत शिरली आहे. मोबाईल एका चकतीवर नुसता ठेवला कीं भरूं लागतो. दांत घासण्याचा विजेचा ब्रश आपल्या बैठकीवर उभा केला कीं पुरे. हें पाहणारा मनुष्य बहुधा एकच प्रश्न विचारतो : "हें किती अंतरावरून चालतें?" आमच्या मतें हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न असा, कीं पलीकडचा घेणारा घटकेंत पुष्कळ मागूं लागला, घटकेंत मुळींच मागेनासा झाला, किंवा जागचा हलला, तर देणाऱ्यानें काय करावें?

तारेच्या बाबतींत हा प्रश्न आपणांस पडत नाहीं, कारण तो आपल्या वतीनें दुसऱ्या कोणी सोडविलेला असतो. आपण दिवा लावतों, पंखा फिरवितों, पाणी तापवितों. भार दसपट झाला तरी भिंतींतील विजेचा दाब जवळजवळ होता तितकाच राहतो. खोपोलीस टाटांचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें, तेव्हां मुंबईच्या गिरण्या हें त्याचें मोठें गिऱ्हाईक होतें. गिरणीचे माग एकदम सुरू झाले कीं त्या भारानें जनित्राची गति मंदावूं पाहणार, आणि ते थांबले कीं ती वाढूं पाहणार. घाटावरून उतरणाऱ्या पाण्याची धार त्या त्या मानानें कमीजास्त करणारा गव्हर्नर नसता, तर मुंबईंतील एकहि यंत्र सरळ चाललें नसतें. पण खोपोलीच्या गव्हर्नरला मुंबईंत काय चाललें आहे हें सांगणार कोण? तारच. भार वाढल्याबरोबर त्याची ओढ तारेंतून थेट जनित्राच्या आंसापर्यंत पोंचते. म्हणजे तार नुसती वीज नेत नाहीं, घेणाऱ्याची गरजहि ती उलट घेऊन येते. ती काढून टाकली म्हणजे वीज नेण्यास दुसरा वाहक सांपडतो. पण निरोप आणणारा तितका विश्वासू सांपडत नाहीं.

या विषयाची गोडी आम्हांस लागली तिचें कारण मात्र शास्त्रीय नाहीं, घरगुती आहे. आमच्या धाकट्या बंधूची मुलगी जन्मतः बहिरी. तिसऱ्या वर्षीं शस्त्रक्रिया करून तिच्या उजव्या कानामागें कॉक्लिअर इम्प्लांट बसविण्यांत आलें. आज ती दहा वर्षांची आहे, मराठी चांगलें बोलते, आणि भांडण आमच्या वहिनींपेक्षांहि चांगलें करते. या यंत्राचे दोन भाग असतात. कानावर अडकविलेल्या बाहेरच्या भागांत मायक्रोफोन, आवाजाचें पृथक्करण करणारें यंत्र आणि बॅटरी हीं असतात. त्यांतून निघालेली एक बारीक तार केसांत शिरून जुन्या चांदीच्या रुपयाएवढ्या चकतीस मिळते. चकतींत तारेचें वेटोळें आणि मध्यभागीं लोहचुंबक. कातडीखालीं, कवटीच्या हाडावर, तसेंच दुसरें वेटोळें आणि तसाच दुसरा लोहचुंबक. मध्यें कांहीं मिलिमीटर कातडी धरून हे दोन चुंबक एकमेकांस चिकटून राहतात. आंतल्या यंत्रांत बॅटरी मुळींच नाहीं. कानाच्या शंखांत सोडलेल्या सूक्ष्म तारांतून श्रवणाच्या मज्जातंतूस जे विजेचे ठोके द्यावयाचे, त्यांची सर्व शक्ति, आणि कोणता ठोका कोठें द्यावयाचा ही सर्व माहिती, बाहेरच्या वेटोळ्यांतून कातडीपलीकडे जाते. कांहीं बनावटींत त्या वेटोळ्यांतला प्रवाह सेकंदास ५० लक्ष आवर्तनें करतो. चकती निसटली कीं त्याच क्षणीं जग मुकें. खेळतां खेळतां आमची पुतणी एकदम थांबते, केस चाचपते आणि सांगते, "काका, माझा कान पडला!" मग सर्वांनीं अंगणांत कान शोधावयाचा.

ही कल्पना आरंभापासूनच तारेवांचून होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पॅरिस येथें १९५७ सालीं आंद्रे जुर्नो व शार्ल एरिए या दोघांनीं एका बहिऱ्या रुग्णाच्या मज्जातंतूस प्रथम वीज दिली, ती कातडीखालीं पुरलेल्या वेटोळ्यांतूनच. त्यांचें यंत्र टिकलें नाहीं. दुसऱ्यानें बसविलेलेंहि निकामी झालें. पुढें मेलबर्न येथें ग्रेम क्लार्क यांनीं १९७८ सालीं अनेक तारांचें यंत्र बसविलें, आणि तेथून आजच्या यंत्रांची परंपरा धरतां येते.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. एका वेटोळ्यांत उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला, तर जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. गल्लीच्या कोपऱ्यावरील ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो. पण तेथें दोन्ही वेटोळीं एकाच लोखंडावर गुंडाळलेलीं असतात, आणि चुंबकाच्या रेषा त्या लोखंडांतून निमूटपणें पलीकडे जातात. मध्यें हवा, टेबलाची फळी किंवा कातडी आली कीं बहुतेक रेषा पलीकडच्या वेटोळ्यास न भेटतांच परत फिरतात. यावर उपाय म्हणून दोन्ही वेटोळ्यांस कंडेन्सर जोडून त्यांस एकाच तालावर आणतात. झोपाळ्यास योग्य वेळीं बोटाचा धक्का देत गेलें तर थोड्या बळानें मोठा झोंका मिळतो, तसें हें आहे. मात्र झोपाळ्यावर कोण बसलें आहे, किती जड आहे, आणि पाय जमिनीस घांसतो कीं काय, यावर सर्व कांहीं अवलंबून राहतें.

हें पुतणीस समजावून सांगण्याकरितां आम्हीं दोन खुर्च्यांच्या पाठींना सुतळी ताणून बांधली, आणि सारख्या लांबीच्या दोऱ्यांनीं तिला दोन सारखीं कुलुपें टांगलीं. एकास झोंका दिला. थोड्या वेळानें तें मंदावत गेलें आणि दुसरें आपोआप हलूं लागलें. शेवटीं पहिलें जवळजवळ स्थिर झालें आणि दुसरें जोरानें झुलूं लागलें. मग पुन्हां उलट. "पहिलें दमलें का?" तिनें विचारलें. दमलें नाहीं, आपला झोंका त्यानें सुतळीवाटे दुसऱ्यास दिला, असें आम्हीं सांगितलें. नंतर दुसऱ्या कुलुपाखालीं पाण्यानें भरलेलें पातेलें असें धरलें कीं कुलूप पाण्यांत बुडावें. आतां तें थोडें थोडें हले आणि मिळालेली शक्ति पाण्यांत जिरे; पहिलेंहि त्या मानानें लवकर शांत झालें. हें योग्य भाराचें चित्र. शेवटीं दुसरें कुलूप आम्हीं मुठींत घट्ट धरलें. तेव्हां पहिलें खुशाल झुलत राहिलें. त्याच्याकडून घेण्यास कोणी उरलेंच नव्हतें. म्हणजे घेणारा अगदींच मोकळा असला तर दिलेलें परत येतें, अगदींच जखडलेला असला तर तें त्याच्यापर्यंत पोंचतच नाहीं, आणि या दोहोंच्या मध्यें कोठें तरी चांगली जागा असते. दुःख इतकेंच कीं ती जागा एके ठिकाणीं राहत नाहीं. सुतळी ढिली केली तर कुलुपांची देवघेव अधिक जलद होऊं लागते, आणि बारकाईनें पाहिल्यास दिसतें कीं दोघांचा मिळून एक ताल उरलेला नाहीं. एकाच दिशेनें झुलण्याचा एक आणि विरुद्ध दिशांनीं झुलण्याचा दुसरा, असे दोन निराळे ताल झाले आहेत. वेटोळीं फार जवळ आणलीं म्हणजे हेंच होतें. ज्या कंपनसंख्येवर आपण वीज देत होतों ती आतां दोन्ही तालांच्या मध्यें पडते, आणि जवळ येऊनहि वीज कमी मिळूं लागते.

भार बदलला म्हणजे देणाऱ्याच्या बाजूस काय जाणवतें, हें जोडणीवर अवलंबून असतें, आणि त्यांत कांहीं गमतीचे प्रकार आहेत. दोन्ही वेटोळ्यांशीं कंडेन्सर एकसर जोडला असेल आणि देणाऱ्याचा दाब कायम असेल, तर घेणाऱ्यानें घेणें थांबवितांच देणाऱ्याच्या वेटोळ्यांतला प्रवाह कमी होण्याऐवजीं उलट भडकतो. भिंतींतील विजेवर वाढलेल्या आपल्या समजुतीस हें विपरीत वाटतें. दुसऱ्या एका जोडणीचा अनुभव न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या जॉन बॉइस व ग्रँट कोव्हिक यांच्या कामांत आला. कारखान्यांत एका लांब तारेच्या मार्गावरून अनेक गाड्या फिरतात आणि प्रत्येक गाडी त्या मार्गास न शिवतां त्यांतून आपली वीज घेते, अशी त्यांची योजना. तींत असें आढळलें कीं जी गाडी उभी आहे आणि कांहींच घेत नाहीं, तीच सर्वांत मोठा अडथळा करते! तिच्या वेटोळ्यांत आणि कंडेन्सरांत शक्ति नुसती फिरत राहते, त्याचा प्रतिरोध मूळ मार्गावर उमटतो, आणि बाकीच्या गाड्या उपाशी राहतात. पंगतींत पान मांडून बसलेला, स्वतः न जेवणारा आणि वाढप्याला पुढें सरकूं न देणारा पाहुणा आम्हीं पाहिलेला आहे. परंतु विजेच्या यंत्रांतहि तो भेटेल असें वाटलें नव्हतें. उपाय सोपा आणि फार सुंदर निघाला : गाडीस वीज नको असेल तेव्हां तिच्या वेटोळ्याचीं टोंकें एका विद्युत्-खटक्यानें एकमेकांस जोडून टाकावयाचीं. मग तें वेटोळें तालांतून बाहेर पडतें आणि मार्गाच्या दृष्टीनें जणूं नाहींसें होतें. हा खटका सेकंदांत अनेक वेळां उघडझांप करून जितकी हवी तितकीच वीज घेतां येते. या कामाबद्दल त्या दोघांस २०१३ सालचें न्यूझीलंडच्या पंतप्रधानांचें विज्ञान पारितोषिक मिळालें.

मोबाईलच्या चकतीनें निराळी वाट धरली आहे. तेथें घेणारा बोलतो. 'ची' या नांवाचा जो सर्वमान्य संकेत २०१० पासून चालत आला आहे, त्यांत मोबाईल आपल्याकडे एक लहानसा भार ठराविक क्रमानें जोडतो आणि सोडतो; त्यानें चकतीच्या वेटोळ्यांतल्या प्रवाहावर बारीक तरंग उठतात, आणि चकती ते वाचते. त्या निरोपांत मुख्य गोष्ट एका अंकाची असते : धन असेल तर आणखी दे, ऋण असेल तर आवर, शून्य असेल तर आहे तसें चालूं दे. ज्या बदलत्या भारानें सर्व घोटाळा होतो, त्यालाच भाषा बनविण्याची ही युक्ति आम्हांस विलक्षण वाटते. तिला एक खोड मात्र आहे. मोबाईल एकदम जागा होऊन त्याचा पडदा उजळला, म्हणजे त्याचा भार खराखुराच उसळतो, आणि तो उसळा निरोपांत मिसळून अक्षरें बिघडूं शकतात. निरोप मुळींच आला नाहीं, तर चकती दोन सेकंदांच्या आंतच वीज बंद करते, आणि तें योग्यच आहे; कदाचित् मोबाईल कोणी उचलून नेला असेल, आणि त्याच्या जागीं चुकून किल्ल्यांचा जुडगा पडला असेल तर तो तापावयाचा.

निरोप मिळाल्यावर चकतीनें किती घाईनें वागावें, याचेंहि एक शास्त्र आहे. बंबांतलें कढत पाणी आणि नळाचें गार पाणी एकत्र करून ज्यांनीं अंघोळ केली आहे, त्यांस हें सांगावयास नको. पाणी गार लागलें म्हणून कढताची तोटी सोडावी, फरक पडेपर्यंत दम न धरतां आणखी सोडावी, मग एकदम पाठ भाजावी, म्हणून घाईनें बंद करावी, कीं पुन्हां हुडहुडी. दोष तोटीचा नसतो. हात आणि पाठ यांच्यामध्यें जो उशीर आहे तो न ओळखतां केलेल्या घाईचा असतो. म्हणून चकती एकेका निरोपावर बेतानें पाऊल टाकते आणि पुढल्या निरोपाची वाट पाहते. मोबाईलला हें परवडतें, कारण त्याच्या पोटांत बॅटरी आहे. घरावर पाण्याची टाकी असली म्हणजे नळ घटकाभर गेला तरी स्वयंपाक अडत नाहीं. कृत्रिम हृदयाच्या बाबतींतहि हाच विचार करावा लागला. अमेरिकेंत लुईव्हिल येथें २००१ सालीं ॲबिओकोर नांवाचें संपूर्ण कृत्रिम हृदय प्रथम बसविलें, त्यास वीज कातडीवरील वेटोळ्यांतूनच दिली जाई. पण प्रत्येक ठोक्यास भार चढतो आणि उतरतो, शिवाय मनुष्यास अंघोळ करावी लागते, म्हणून पोटांत थोडा वेळ पुरेल अशी एक बॅटरीहि ठेवली होती.

आमच्या पुतणीच्या कानांत अशी टाकी नाहीं. म्हणून गेल्या वर्षीं जें झालें तें झालें. शाळेंतून एक चिठ्ठी आली : मुलीचें सकाळीं लक्ष असतें, दुपारच्या तासांना मुळींच नसतें, पालकांनीं समज द्यावी. आमच्या बंधूनें समज दिली. मुलगी रडली, कारण सांगेना. पुढें चौकशी करतां कळलें तें असें. वयाबरोबर तिच्या डोक्याची कातडी जाड झाली होती, केस दाट झाले होते, आणि आमच्या मातोश्री तेल लावून जी घट्ट वेणी घालीत तिच्यामुळें चकती एका कडेनें उचलली जाई. दोन वेटोळ्यांतलें अंतर वाढलें, कीं आंत पोंचणारी वीज घटते. शांत खोलींत तेवढी पुरे. पण वर्गांत गलबला झाला कीं मज्जातंतूस अधिक आणि मोठे ठोके द्यावे लागतात, आंतला भार वाढतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं आवाज तुटे. ही तक्रार झाल्यावर यंत्राची वीज वाढवून देण्यांत आली होती. सर्वांत वाईट प्रसंगास पुरेल इतकी वीज सर्व वेळ देत राहणें, हा बदलत्या भारावरचा सर्वांत ढोबळ उपाय. त्यानें आवाज तुटावयाचा थांबला. पण बॅटरी दिवसभर चालावयाची ती दुपारीं दोनलाच बसूं लागली. दुसरी बॅटरी दप्तरांत असे. ती सर्व वर्गासमक्ष बदलावयाची मुलीस लाज वाटे. म्हणून शेवटचे तीन तास ती शिक्षकांच्या ओंठांकडे पाहत मुकाट्यानें बसून राही.

आम्हांस त्या चिठ्ठीचा राग आला नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. पण रागानें बॅटरी चालत नाहीं. जिच्याकडे तिला नेतात त्या ऑडिओलॉजिस्ट बाई मोठ्या समजूतदार निघाल्या. यंत्राच्या नोंदींत चकती दिवसांतून किती वेळां सुटते याची मोजदाद असते, ती त्यांनीं आधीं पाहिली. त्यांनीं आम्हांस हेंहि सांगितलें, कीं जास्तीची वीज आंत गेली म्हणजे ती कोठें तरी जिरवावी लागते, आणि जिरविणें म्हणजे उष्णता. शरीरांत बसविलेल्या यंत्राचा पृष्ठभाग अंगाच्या ३७ अंश उष्णतेपेक्षां २ अंशांहून अधिक तापूं नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तेव्हां एका बाजूस शांतता, दुसऱ्या बाजूस ताप, आणि मध्यें चालण्यास वाट अरुंद. चकतीखालचे केस रुपयाएवढ्या जागेंत बारीक कापावे, चुंबक एक पायरी जोराचा घ्यावा, आणि वीज एक पायरी खालीं आणावी, असा त्यांनीं निर्णय दिला. चुंबक फार जोराचा झाला तर कातडी लाल होते, म्हणून ती रोज रात्रीं पाहण्याचें काम आमच्याकडे आलें. मातोश्रींनीं केस कापण्यास फार विरोध केला; शेवटीं वेणीची जागा बदलून तडजोड झाली. बॅटरी आतां संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत पुरते. अलीकडच्या कांहीं यंत्रांत आंतला भाग आपणांस वीज पुरेशी मिळते कीं नाहीं हें उलट निरोपानें कळवितो आणि बाहेरचा भाग त्या मानानें आपलें देणें कमीजास्त करतो. तशी सोय सर्वांस मिळावी असें आम्हांस वाटतें. पण किंमत विचारल्यावर आम्ही कांहीं काळ गप्प बसलों.

निरोपावांचूनच जमावें असाहि एक प्रयत्न झाला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठांत शानहुइ फॅन व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं 'नेचर' साप्ताहिकांत एक रचना प्रसिद्ध केली. तींत देणाऱ्यानें एका ठराविक कंपनसंख्येवर हट्ट धरावयाचाच नाहीं. त्याच्या बाजूस वर्धक ठेवावयाचा, आणि दोन्ही वेटोळीं मिळून जो ताल त्या क्षणीं सोयीचा असेल तो आपोआप उचलूं द्यावयाचा. घेणारा सुमारें एक मीटरपर्यंत मागेंपुढें झाला तरी दिव्याचा उजेड तसाच राहिला. आमच्या कुलुपांच्या भाषेंत बोलावयाचें तर झोंका देणाऱ्यानें घड्याळाकडे न पाहतां कुलुपाकडे पाहून धक्का देण्यासारखें हें आहे. त्या पहिल्या प्रयोगांत वर्धकच इतका खादाड होता कीं शेंकडा दहाच वीज कामीं लागली. २०२० सालीं वर्धक बदलून ही उणीव पुष्कळच भरून काढण्यांत आली. ही युक्ति आम्हांस निरोपाच्या युक्तीहून अधिक खानदानी वाटते. तथापि कानाच्या चकतींत त्याच लहरींवर आवाजाची माहितीहि जावयाची असते, आणि कंपनसंख्या अशी आपल्या मनानें फिरूं लागली तर ती माहिती वाचणें कठीण. म्हणून तेथें तिचा शिरकाव इतक्यांत होईल असें दिसत नाहीं.

बॅटरी आणि मायक्रोफोन यांसह सर्वच यंत्र कातडीखालीं बसविण्याच्या चांचण्या अलीकडे परदेशांत चालू आहेत. मग बाहेर चकती नाहीं, पडण्यासारखा कान नाहीं, वर्गांत लाजावयास नको. रात्रीं थोडा वेळ बाहेरून वीज भरली म्हणजे झालें. हें वर्तमान आम्हीं मोठ्या उत्साहानें पुतणीस सांगितलें. तिनें नीट ऐकून घेतलें, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पण काका, मग विसर्जनाच्या दिवशीं ढोल वाजायला लागले कीं मी कान काढूं कसा?"